तीनची हजेरी

ही गोष्ट खरी आहे. जिच्या घरात घडली ती दोसिंदा माझी थोरली वहिनी. बाहत्तर वर्षांची. देवळात नेमाने जाते, पण भुताखेतांच्या गोष्टी कोणी सांगायला लागलं की भांडी घासायला उठते.

अशा गोष्टी रात्री घडतात असं लोक म्हणतात.

ही भरदुपारी घडली. तीन वाजता. गेल्या नोव्हेंबरच्या अकरा तारखेला, सान मार्तिन्योच्या सणाच्या दिवशी, आमच्या काबोवेयो गावात... समुद्राच्या टोकावरच्या शेवटच्या घरात.

आधी तीन वाजताचं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल.

आमच्याकडे पूर्वी बायका दुपारी तीनला स्वयंपाकघरात रेडिओ लावून बसत. गाण्यासाठी नाही. मध्यम लहरींचे आकडे जिथे संपतात, त्याच्या जरा पुढे काटा सरकवला की बोटींचं बोलणं ऐकू यायचं. तीनला आणि सहाला हजेरी व्हायची. 'कार्मिन्या' बोटीचा तांडेल आमारो एकेका बोटीचं नाव पुकारायचा. ज्याचं नाव येईल त्याने कुठे आहे, मासळी किती, ते सांगायचं आणि शेवटी म्हणायचं, "बोटीवर सगळं ठीक."

बायकांना फक्त ऐकता यायचं. उत्तर देता यायचं नाही.

आणि एक नियम होता. आपली बोट बोलल्याशिवाय रेडिओ बंद करायचा नाही. दूध उतू जाऊ दे, पोर रडू दे. आधी बोट बोलली पाहिजे.

हा नियम दोसिंदाने आयुष्यात एकदाच मोडला.

एकतीस वर्षांपूर्वी मार्चमध्ये मोठं वादळ झालं. गावाची वीज दोन दिवस गेलेली. बाकीच्या घरांतले रेडिओ विजेवरचे, ते मुके झाले. सेलवर चालणारा रेडिओ एकट्या दोसिंदाकडे होता, आणि त्याचे सेल संपत आले होते. तिचा नवरा एलादिओ, म्हणजे माझा थोरला भाऊ, 'सान्ता बाया' घेऊन समुद्रात होता. बोटीवर सहा माणसं. बाकी पाच जणांच्या बायका धक्क्यावर उभ्या. दोसिंदा घरी, कारण सात वर्षांच्या ब्राइसला ताप होता.

"तू ऐक, आणि आम्हाला कळव," बायका म्हणाल्या होत्या.

तीनला हजेरी सुरू झाली. आवाज बारीक होत चाललेला. 'सान्ता बाया'चं नाव नेहमी शेवटी यायचं, आणि एलादिओ उत्तर द्यायला नेहमी उशीर करायचा. दोसिंदाच्या मनात आलं, आता सेल संपले तर सहाच्या हजेरीला काय करायचं? किती वाजता पोहोचतो ते तो सहालाच सांगेल.

तिने बटण फिरवून रेडिओ बंद केला.

मग धक्क्यावरून बायकांनी माणूस पाठवला. तो दारात भिजून उभा. दोसिंदाला खरं सांगायची लाज वाटली. "बोलला तो," ती म्हणाली. "सगळं ठीक."

बायका घरी गेल्या. सहाला रेडिओ लागलाच नाही, सेल संपले होते. शोधायला बोटी निघाल्या त्या दुसऱ्या दिवशी सकाळी. सहाही जण गेले. एकही देह मिळाला नाही.

त्या दिवशी उत्तर ऐकू आलं नाही, असं आमारोने नंतर सांगितलं. पण तो उत्तरेला फार लांब होता. एलादिओ खरंच काही बोलला असेल, तर ते ऐकू येण्यासारखं स्वयंपाकघर किनाऱ्यावर एकच होतं.

दोसिंदाने तो रेडिओ धक्क्यावरून पाण्यात टाकला. खोटं बोललेलं मात्र कोणाला सांगितलं नाही. एकतीस वर्षं.

मग गेल्या वसंतात भरदुपारी सगळ्या देशाची वीज गेली.

फोन बंद. दुकानं बंद. काय झालंय, कोणालाच माहीत नाही. गावातल्या बायका तेलमोच्या जुन्या गाडीभोवती गोळा होऊन गाडीतला रेडिओ ऐकत उभ्या होत्या. तेलमो आमच्या कोळी मंडळाचा प्रमुख. तो म्हणाला, "एवढ्या बायका माझ्या गाडीभोवती तरुणपणी कधी जमल्या नाहीत."

संध्याकाळी वीज आली. आणि दुसऱ्या आठवड्यात ज्याला त्याला रेडिओ हवा झाला.

दोसिंदाला नको होता. पण शेजारची शोविता मागे लागली. ही शोविता म्हणजे दिवसभर चालणारं तोंड. ती बोलायची थांबली की कोंबड्या घाबरून बघतात, असं गावात म्हणतात.

"चल गं. मला एकटीला तो ओलेगारिओ काहीतरी भलतंच गळ्यात मारेल."

ओलेगारिओचं दुकान बाजारगावात. बाहेर रांग. दोघींचा नंबर आला तेव्हा शेल्फवर तीनच प्रकार उरले होते. त्याने तिन्ही काउंटरवर मांडले.

"मला असा दे, जो माझ्या म्हाताऱ्यापेक्षा जास्त बोलेल," शोविता म्हणाली.

"मावशी, मग कुठलाही घ्या."

पहिला खिशात मावेल एवढा, दोन सेलवरचा. दुसऱ्याला पडदा, त्यावर चमकणारे आकडे आणि वीसेक बटणं. तिसरा पिवळा, डबा घेऊन जावा तसा हातात धरायचा. वर उन्हावर चार्ज होणारी काळी पट्टी, बाजूला टॉर्च, एक भोंगा, फोन चार्ज करायला भोक, आणि मागे गोल फिरवायचं हँडल.

"सेल संपले तरी हा चालतो," ओलेगारिओ म्हणाला. "हँडल फिरवलं की झालं. वीज जाऊ दे, जग बुडू दे."

"आणि हात थकला तर?"

"तर मग काकांना बसवा फिरवायला."

"त्याला बसवलं की तो बसूनच राहतो, हेच तर दुखणं आहे."

शोविताने आकडेवाला उचलला. "हा छान दिसतो."

"तो नको घेऊस," दोसिंदा एकदम म्हणाली. दुकानात शिरल्यापासून ती पहिल्यांदाच बोलत होती. "बटणाचा रेडिओ स्टेशनावरून स्टेशनावर उडी मारतो. मधलं ऐकू येत नाही. आणि वीज नसताना अंधारात वीस बटणांतलं कुठलं दाबशील? काट्याचा घे. काटा बोटाला कळतो."

ओलेगारिओ हसला. "मावशी, तुम्ही माझ्याऐवजी काउंटरवर उभ्या राहा."

दोसिंदाने पिवळा रेडिओ जवळ ओढला. एरियल पूर्ण बाहेर काढून पाहिली, हलते का बघितलं. हँडल दोनदा फिरवलं. मग तबकडीवर बोट ठेवून काटा अगदी शेवटापर्यंत नेला. आकडे संपले, तरी तो थोडा पुढे गेला.

"यात बोटींचा पट्टा आहे," ती म्हणाली.

"आहे, पण त्याचा उपयोग काय? बोटी आता त्यावर बोलतात कुठे! वीस वर्षं झाली. त्यांची यंत्रं आता वेगळी. तिथे नुसती खरखर."

"असू दे."

तिने तोच घेतला. शोवितानेही शेवटी तसाच घेतला, कारण त्याला टॉर्च होती.

संध्याकाळी ब्राइस घरी आला. आता अडतीस वर्षांचा, स्वतःच्या 'गाइवोता' बोटीचा तांडेल. टेबलावरचं हँडल पाहून म्हणाला, "आई, हा रेडिओ आहे का कॉफी दळायचं यंत्र?"

"दोन्ही कामं तूच कर. फिरव."

दुसऱ्या दिवशी दुपारी ती एकटी होती. वीज होती, रेडिओ लावायची काही गरज नव्हती. जेवणाची ताटली पुसता पुसता तिने घड्याळाकडे पाहिलं.

तीनला पाच कमी.

नुसता चालतो का बघू, असं स्वतःशी म्हणत तिने एरियल खिडकीबाहेर काढली. पूर्वी काढायची तशीच. बटण फिरवलं. काटा आकड्यांच्या पलीकडे नेला.

खरखर.

ती खुर्चीवर बसली. बाहेर समुद्रपक्षी ओरडत होते.

तीन वाजले.

...आणि बाहेरचे पक्षी गप्प झाले.

खरखर हळूहळू पातळ होत गेली. वारा पडल्यावर पाणी शांत होतं, तशी. मग आत कोणीतरी खोकललं. तंबाखूने खरवडलेल्या घशाचा खोकला.

तो खोकला किनाऱ्यावरच्या सगळ्या बायकांच्या ओळखीचा होता.

"कार्मिन्या बोलतेय. तीनची हजेरी. सोल नासेन्ते?"

आमारो. एलादिओ गेला त्याच्या दोन वर्षांनंतर आमारोही बोटीसकट गेला होता.

"सोल नासेन्ते. मासळी नाही. बोटीवर सगळं ठीक."

"त्रेस इर्मान्स?"

"त्रेस इर्मान्स. पाणी थंड आहे. बोटीवर सगळं ठीक."

दोसिंदाच्या हातातला फडका खाली पडला. 'सोल नासेन्ते' कधी बुडाली ते तिला माहीत होतं. 'त्रेस इर्मान्स'ही. गिरणीवाल्या बाईचे तिघे भाऊ त्या बोटीवर होते.

"मार मान्सा?"

"मार मान्सा. बोटीवर सगळं ठीक."

एकाही आवाजामागे इंजिन वाजत नव्हतं. वारा नव्हता. लाट नव्हती. माणसं बंद खोलीत बसून बोलावीत, तसं ते बोलणं.

"सान्ता बाया?"

कोणी बोललं नाही.

एलादिओची एक सवय होती. बोलायच्या आधी तो अंगठीने माइकवर दोनदा ठोकायचा.

...टक. टक.

दोसिंदाने बटण फिरवलं.

पुन्हा. एकतीस वर्षांनी पुन्हा तिने तेच केलं.

रेडिओ तिने टॉवेलांच्या कपाटात सगळ्यात खाली ठेवला, वर चादरी रचल्या. आणि ब्राइसला म्हणाली, "चालत नाही तो. फसवलं ओलेगारिओने."

उन्हाळा गेला. कपाटातून कसलाही आवाज आला नाही. पण रोज तीन वाजता ती अंगणात जायची आणि पाव तास आत यायची नाही.

मग अकरा नोव्हेंबर उजाडला.

ब्राइस पहाटे पाचला तिघा खलाशांना घेऊन निघाला. हवामानखात्याने वादळ रात्री येईल म्हटलं होतं. ते सकाळी अकरालाच आलं. दुपारी एकला वीज गेली. डोंगरावरचा फोनचा मनोरा पडला. धक्क्यावर सगळ्या बोटी परत आल्या.

'गाइवोता' आली नाही.

शोविता चेस्टनटची पिशवी आणि सुपाचं पातेलं घेऊन दोसिंदाकडे आली, कारण तिची शेगडी विजेची आणि दोसिंदाची गॅसची.

"येईल गं," ती सांगत होती. "तुझा पोरगा हट्टी आहे. हट्टी माणसाला समुद्रसुद्धा लवकर गिळत नाही. माझ्या नवऱ्याकडे बघ. तीनदा पाण्यात पडला, तीनदा वर आला. मी तर आशा सोडली."

दोसिंदा हसली नाही. ती घड्याळाकडे बघत होती. तीनला दहा कमी.

"तुझा रेडिओ आण," ती म्हणाली.

"तो नातू घेऊन गेला ना कॅम्पला. तुझा कुठेय?"

दोसिंदाने उठून चादरी काढल्या. रेडिओ बाहेर काढला, एरियल खिडकीबाहेर केली. बटण फिरवलं तर काही नाही. सहा महिने पडून आतली बॅटरी मेली होती. तिने हँडल धरलं. फिरवलं की दिवा लागायचा, हात थांबला की विझायचा.

"बातम्या लाव," शोविता म्हणाली.

दोसिंदाने काटा आकड्यांच्या पलीकडे नेला.

"अगं, तिथे काय आहे?"

"गप्प बस जरा, बाई."

शोविता गप्प बसली, एवढी ती गांगरली.

तीन वाजले.

बाहेर वारा छपरं उचलत होता. पण दोसिंदाला तो ऐकू यायचा थांबला. खरखर पातळ झाली. खोकला आला.

"कार्मिन्या बोलतेय. तीनची हजेरी."

"ऐकलंस?" दोसिंदाने विचारलं.

"काय? नुसती खरखर आहे," शोविता म्हणाली. मग दोसिंदाचा चेहरा बघून तिने हातातला चमचा खाली ठेवला.

बोटींची नावं येत गेली. सगळं ठीक. सगळं ठीक. दोसिंदाचा खांदा भरून आला. पण या वेळी ती हात थांबवणार नव्हती. काहीही झालं तरी. पोरगा समुद्रात होता, आणि या घरात दुसरं काही करता येण्यासारखं नव्हतं.

"सान्ता बाया?"

शांतता.

"सान्ता बाया, ऐकतोस का?"

...टक. टक.

आणि तो बोलला. तोच आवाज, जरा नाकातला. चाळीस वर्षांच्या माणसाचा. मुलगा आता त्याच्या वयाला येऊन टेकला होता.

"सान्ता बाया. सुकाणू तुटलंय. मोउराच्या खडकांपासून अर्ध्या मैलावर आहोत, उत्तरेला. नांगर सरकतोय. पाणी आत येतंय. बोटीवर चौघं."

दोसिंदाचा हात फिरत होता. पण मनात एकच गोष्ट अडकली.

चौघं.

'सान्ता बाया'वर सहा जण होते.

चौघं 'गाइवोता'वर होते.

"भरती उतरेपर्यंत वेळ आहे," आवाज म्हणाला. "त्यानंतर नाही. दोसिंदा, तुला अजून एक..."

हात थांबवायचा नाही, हा नियम होता. त्याचं बोलणं पूर्ण होऊ द्यायला हवं होतं. एकतीस वर्षं ती ज्या शब्दांची वाट बघत होती, ते आत्ता येत होते. आणि साडेचारला भरती उतरणार होती. बंदर वीस मिनिटांच्या वाटेवर.

"शोविता, इकडे ये. हे धर. फिरवत राहा."

"अगं पण..."

"थांबू नकोस. मी येईपर्यंत थांबू नकोस. जे ऐकू येईल ते लक्षात ठेव."

"पण काहीच ऐकू येत नाही!"

दोसिंदा दाराबाहेर पडली होती.

ती बंदरावर पोहोचली तेव्हा तेलमो शेडमध्ये दहा माणसांसोबत उभा होता. कुठे शोधायचं, यावर वाद चालला होता. समुद्र केवढा. अंधार पडायला दीड-दोन तास.

"मोउराच्या उत्तरेला," ती धापा टाकत म्हणाली. "अर्धा मैल. सुकाणू तुटलंय. नांगर सरकतोय."

"तुला कसं कळलं?"

"रेडिओवर ऐकलं."

तेलमोने पुढे एक शब्दही विचारला नाही. आमच्या गावात चाळीस वर्षं बोटीची बातमी अशीच यायची. कोणीतरी बाई फडक्याला हात पुसत धावत यायची आणि म्हणायची, रेडिओवर ऐकलं. त्यावर पुरुष बोटी सोडायचे. किंवा सोडायचे नाहीत.

तेलमो स्वतः निघाला.

सव्वाचारला त्यांना 'गाइवोता' सापडली. मोउराच्या उत्तरेला, अर्ध्या मैलावर. अजून पंधरा मिनिटं गेली असती तर खडकांवर फक्त फळ्या मिळाल्या असत्या, असं तेलमो म्हणतो.

धक्क्यावर ब्राइसला उतरवलं. ओठ निळे, हात जाळ्याच्या दोरीने कापलेले. दोसिंदाने त्याला आधी एक थप्पड मारली, मग मिठी मारली.

"तू रेडिओवर बोललास म्हणून वाचलास, गाढवा," तेलमो म्हणाला.

ब्राइस त्याच्याकडे बघत राहिला.

"कोण बोललं? रेडिओचं यंत्र अकरालाच पाण्यात गेलं आमचं. मी कोणाशी बोललो नाही."

तेलमोने टोपी काढली आणि पुन्हा घातली. आता त्याला आठवलं होतं, की स्वयंपाकघरातल्या रेडिओवर बोटी वीस वर्षांत बोललेल्या नाहीत.

दोसिंदा ब्राइसला घेऊन घरी आली तेव्हा सहा वाजत होते. दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात काळोख. गॅसवरचं सूप आटून करपलेलं.

...आणि काळोखात हँडल फिरत होतं.

घर्र. घर्र. घर्र.

शोविता खुर्चीवर ताठ बसली होती. हात फिरत होता. रेडिओचा हिरवा दिवा तिच्या हनुवटीवर पडला होता. रेडिओतून काही येत नव्हतं, खरखरसुद्धा नाही. तीन तास ती थांबली नव्हती. मनगट सुजून भाकरीसारखं झालेलं.

"शोविता, बस झालं. आला ब्राइस. बघ."

ती थांबेना. दोघांनी मिळून तिची बोटं एकेक करून हँडलवरून सोडवली. बोटं थंडगार होती.

दिवा विझला.

"काय म्हणाला तो?" दोसिंदाने हळूच विचारलं.

"कोण?" शोविता म्हणाली. "नुसती खरखर होती."

पण ती ब्राइसकडे बघत होती. डोक्याला टॉवेल बांधून तो हसत होता, सुपाचं पातेलं उघडून शिव्या देत होता. आणि शोविता त्याच्याकडे अशी बघत होती, की दोसिंदा पुढे होऊन दोघांच्या मधे उभी राहिली.

त्या दिवसापासून शोविताचं बोलणं संपलं. बाजारात कामापुरतं बोलायची. नाताळच्या आधी ती ओउरेन्सेला मुलीकडे राहायला गेली. तिथे समुद्र नाही. जाताना गाडीची काच खाली करून दोसिंदाला एवढंच म्हणाली,

"ब्राइसला बोट विकायला लाव. मला काही विचारू नकोस. विकायला लाव."

ब्राइसने ऐकलं नाही. सुकाणू नवीन बसवलं, यंत्र नवीन घेतलं. "बोट विकून काय करू आई? तुझ्यासोबत कॉफी दळत बसू?"

सान मार्तिन्योनंतर चौथ्या दिवशी दोसिंदाने पुन्हा रेडिओ लावला. तिला उरलेलं वाक्य हवं होतं. एकतीस वर्षांचं सगळं तिने मला त्याच संध्याकाळी सांगितलं. धक्क्यावरच्या बायकांना काय सांगितलं होतं, तेही. माझाच भाऊ होता. तरी तिला दोष कसा देणार?

त्या दुपारी हजेरी नेहमीसारखी झाली. सोल नासेन्ते. त्रेस इर्मान्स. मार मान्सा. मग शेवटचं नाव यायची वेळ आली. तिने श्वास धरला.

आमारोने 'सान्ता बाया' पुकारलंच नाही.

"गाइवोता?" तो म्हणाला.

थांबला.

"गाइवोता, ऐकतोस का?"

उत्तर आलं नाही. ब्राइस त्या वेळी धक्क्यावर जाळं शिवत होता. तरी दोसिंदा धावत जाऊन त्याला बघून आली.

तेव्हापासून रोज हेच चाललंय. एलादिओचं नाव हजेरीतून गेलं. त्याच्या जागी मुलाच्या बोटीचं नाव येतं. आमारो दोनदा पुकारतो, थोडा वेळ थांबतो, मग खरखर होते. तिला रेडिओ टाकून देता येत नाही. ऐकवत नाही, आणि ऐकल्याशिवाय राहवतही नाही. आपली बोट बोलली की नाही, ते कळल्याशिवाय बंद करायचं नाही. पूर्वी ती आणि गावातल्या सगळ्या बायका हात जोडून म्हणायच्या, देवा, बोलू दे. आता ती हात जोडून म्हणते, नको.

तिचा खांदा गेलाय. म्हणून दुपारी हँडल फिरवायला मी जातो. मला काही ऐकू येत नाही. मला नुसती खरखर. मी तिचा चेहरा बघत बसतो. पावणेतीन ते सव्वातीन. नावं येत जातात तशा तिच्या पापण्या हलतात, ते मला आता पाठ झालंय. शेवटी ती श्वास सोडते, आणि मी हात थांबवतो.

परवा तिने श्वास सोडला नाही.

बराच वेळ. मग म्हणाली, "कोणीतरी माइक उचलला."

"मग?"

"काही नाही. नुसता उचलला. आणि ठेवला."

ब्राइस त्या दिवशी पाचला घरी आला, मासे घेऊन, गाणं म्हणत. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं नाही.

आज तो पहाटे गेलाय. समुद्र शांत आहे. वीजही आहे. हे लिहिता लिहिता खिडकीतून मला तिची एरियल बाहेर आलेली दिसतेय.

तीनला वीस कमी आहेत. मला जायला हवं.